आईची किडनी आत्ता घ्यावी, की किडनी-स्वादुपिंड जोडीची वाट बघावी?

पंचगंगाकाठ | ४ जून, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

धाकटी बहीण, वय ३४. अकराव्या वर्षी टाइप वन डायबेटिस निघाला, तेव्हापासून इन्सुलिन. शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी पाय सुजायला लागले, आम्हाला वाटलं दिवसभर उभी असते म्हणून. त्याच सुमारास तिला इन्सुलिन कमी लागायला लागलं. घरात सगळे खूश, आईने अंबाबाईला साडी नेसवली. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की किडनी थकली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, म्हणून डोस उतरतो. साडी कशाबद्दल नेसवली ते तेव्हा कळलं.

मार्चपासून डायलिसिस. सोम-बुध-शुक्र, चार-चार तास. पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट ओपीडीत दाखवलं. त्यांनी दोन रस्ते सांगितले. आई (वय ६१) किडनी द्यायला तयार आहे, दोघींचा रक्तगट ए पॉझिटिव्ह. तपासण्या नीट आल्या तर दोन-तीन महिन्यांत ऑपरेशन, पण इन्सुलिन चालूच राहणार. नाहीतर मेंदूमृत दात्याकडून किडनी आणि स्वादुपिंड एकदमच. जमलं तर इन्सुलिनही सुटतं. कधी मिळेल ते मात्र कोणी सांगत नाही.

आई म्हणते माझी घ्या नि मोकळे व्हा. बहीण म्हणते आईला कापायचं नाही. मी मध्ये. यातून कोणी गेलंय का?

सदाशिवपेठी | ४ जून, रात्री ११:४१

पहिलाच धागा आणि इतका गंभीर. आमचा पहिला धागा 'पोह्यात बटाटा असावा का' हा होता, अजून मिटलेला नाही. असो. बहिणीला आराम पडो. जाणकार येतीलच.

मोगरा_अबोली | ५ जून, सकाळी ६:५०

२०१५ साली मी नवऱ्याला किडनी दिली. स्वादुपिंडाचं मला कळत नाही, दात्याच्या बाजूचं सांगते.

ऑपरेशन दुर्बिणीतून होतं. पोटाला तीन-चार भोकं आणि किडनी बाहेर काढायला खाली एक आडवा छेद. पाचव्या दिवशी घरी आले. पोटापेक्षा मला खांदा जास्त दुखला. पोटात गॅस भरतात, त्याची कळ खांद्यात येते. हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. मी रात्रभर हार्ट अटॅक समजून नर्सला पिडलं, शेवटी ती म्हणाली, "मावशी, सगळ्यांना होतं, चाला थोडं."

राहिलेली किडनी हळूहळू दोघींचं काम अंगावर घेते. वर्षातून एकदा बीपी, लघवीतलं प्रोटीन, आणि रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की चढतो तो आकडा. मनाने पेनकिलर घ्यायची नाही. आयुष्यभराचा नियम म्हणाल तर एवढाच.

आईंचं वय अडचणीचं नाही. पण त्यांची शुगर बघितली का? बहिणीची नव्हे, आईंची.

फुकटसल्ला | ५ जून, सकाळी ९:१५

घाईने कापाकापी करू नका. आमच्या गावाकडे एक वैद्य काढा देतात, क्रिएटिनिन आठवरून दोनवर आलेले पेशंट स्वतः पाहिलेत. पुनर्नवा, गोखरू आणि

ताप_१०२ | ५ जून, सकाळी ९:२२

तुमचा प्रतिसाद अर्धाच आलाय, तो तसाच राहू द्या. असे काढे पिऊन पोटॅशियम सातच्या वर गेलेले पेशंट मध्यरात्री आमच्याकडे येतात. या धाग्यावर काढा नको, हात जोडून सांगतो.

आता मूळ प्रश्न. मी भूलतज्ज्ञ आहे, नेफ्रॉलॉजिस्ट म्हणजे किडनीचा डॉक्टर नाही. टेबलाच्या डोक्याकडून जे दिसतं ते लिहितो, तुमच्या डॉक्टरांचा शब्द अंतिम.

जुनं स्वादुपिंड काढत नाहीत. त्यातल्या इन्सुलिनच्या पेशी तेवढ्या गेलेल्या असतात, पाचक रस ते अजून करतं. जुन्या किडन्याही सहसा जागेवरच राहतात. नवं स्वादुपिंड बहुधा ओटीपोटात उजवीकडे बसवतात, किडनी डावीकडे. स्वादुपिंडाला चिकटून दात्याच्या लहान आतड्याचा एक तुकडा येतो. तो पेशंटच्या आतड्याला जोडायचा, म्हणजे नव्या अवयवाचा पाचक रस वाहून जातो. पूर्वी मूत्राशयाला जोडण्याची पद्धत जास्त होती.

किडनी दणकट असते. स्वादुपिंड म्हणजे लाडावलेलं पोर, नुसता हात लागला तरी सुजतं. पहिल्या काही दिवसांत त्याच्या रक्तवाहिनीत गुठळी होण्याची मोठी भीती, तसं झालं तर काढून टाकावं लागतं. म्हणून दाताही निवडक लागतो. वय कमी, अंगाने सडपातळ, डायबेटिस नसलेला. शरीराबाहेरचा बर्फातला वेळही शक्यतो बारा तासांच्या आत. दात्याच्या दोन्ही किडन्या चांगल्या निघतात आणि स्वादुपिंड बघून सर्जन मान हलवतात, हे नेहमीचंच आहे.

जोडीने आणि एकाच दात्याचं मिळण्यात एक गोम आहे. शरीर नवा अवयव नाकारायला लागलं तर शुगर फार उशिरा चढते, तोवर स्वादुपिंडाचा बराच भाग गेलेला असतो. पण सोबतच्या किडनीलाही तोच मार बसतो आणि क्रिएटिनिन लगेच वर जातं. किडनी चहाडी करते, त्यामुळे वेळेत उपचार होतात.

तुम्हाला तिसरा रस्ता सांगितला नाही का? आधी घरातल्याची किडनी, स्वादुपिंड नंतर, वेगळ्या दात्याचं. ऑपरेशनं दोन होतात, चहाडीची सोय जाते. पण डायलिसिस लवकर सुटतं. टाइप वनच्या माणसाला डायलिसिसवर काढलेलं प्रत्येक वर्ष हृदयाला महाग पडतं, हे वाट बघण्याच्या हिशेबात धरा.

सदाशिवपेठी | ५ जून, सकाळी १०:०५

चहाडखोर किडनी! आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला आजपासून हेच नाव.

पंचगंगाकाठ | ५ जून, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार. डॉक्टरसाहेब, तिसरा रस्ता सांगितला असेलही. त्या दिवशी तिथे दहा मिनिटांत इतकं कानावर पडलं की घरी येईपर्यंत निम्मं गळालं. पुढच्या वेळी वही नेतो.

मोगराताई, आईची शुगर कधी तपासलीच नाही. तिला काही होत नाही असं ती स्वतःच सांगते.

दुसरी_इनिंग | ६ जून, दुपारी २:१०

पंचगंगाकाठ, मी तुमच्या बहिणीच्या जागी होतो. नवव्या वर्षापासून टाइप वन. २०१८ मध्ये किडनी-स्वादुपिंड एकत्र बसवलं, दक्षिणेत. हॉस्पिटल हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, इथे जाहिरात नको.

लिस्टवर नाव लागलं की फोन कधीही येऊ शकतो, आणि आला म्हणजे मिळालंच असं नाही. पहिला फोन रात्री दीडला. "काही खाऊ नका, निघा." आम्ही हॉस्पिटलजवळच खोली घेतली होती. पहाटे सर्जन येऊन म्हणाले, स्वादुपिंडात चरबी आहे, घेत नाही. मी लिफ्टने खाली येऊन इडली खाल्ली. दुसऱ्या फोनला क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आला, म्हणजे माझ्या रक्ताने त्या अवयवावर आधीच दात धरला होता. तिसऱ्या वेळी बॅग भरलीच नाही, चप्पल घातली आणि गेलो. तेव्हा झालं.

आयसीयूत शुद्ध आली तेव्हा नर्स बोटाला टोचत होती. मशिनवर ९८. विचारलं, किती युनिट दिलं? म्हणाली, शून्य. तेवीस वर्षांत हा आकडा मी कधी ऐकला नव्हता.

आता दुसरी बाजू. चौथ्या दिवशी पोटात रक्तस्राव झाला, परत टेबलावर. हॉस्पिटलात एकतीस दिवस. पहिल्या वर्षात दोनदा इन्फेक्शनने ॲडमिट. सोबत पूर्ण वेळ माणूस लागतो, माझा भाऊ बिनपगारी राहिला. दोन्ही अवयव आज चालू आहेत, पण माझ्या शेजारच्या बेडवरच्या मुलीचं स्वादुपिंड सहाव्या दिवशी काढावं लागलं. किडनी राहिली.

दात्याबद्दल रस्त्यावरचा अपघात एवढंच कळलं, त्याहून जास्त सांगत नाहीत. दर वर्षी त्या तारखेला लोक माझं अभिनंदन करायला फोन करतात. मी फोन बंद ठेवतो.

खिशात अजून ग्लुकोज बिस्किटं असतात. गरज नाही, हात आपोआप उचलतो.

मोगरा_अबोली | ६ जून, दुपारी ३:००

वाचून गप्प बसले थोडा वेळ.

माटोळी | ६ जून, संध्याकाळी ५:४५

इनिंगभाऊ, खाण्यापिण्याचं काय? आमच्या काकांचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय. चवथीला माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं बांधतो त्या चौकटीला, तोरंजन बांधलं होतं, ते खायचं नाही म्हणून सांगितलं. तुमच्याकडे पपनस म्हणतात ते. काकांचा जीव त्या तोरंजनात.

ताप_१०२ | ६ जून, संध्याकाळी ६:२०

बरोबर सांगितलं. टॅक्रोलिमस नावाची गोळी असते, नवा अवयव नाकारला जाऊ नये म्हणून. पपनस आणि ग्रेपफ्रूट खाल्लं की तिचं रक्तातलं प्रमाण चढतं, आणि चढलं की तीच गोळी किडनीला त्रास देते. काका तोरंजन माटोळीला खुशाल बांधू देत.

ही गोळी बारा तासांच्या अंतराने घ्यायची. लेव्हल तपासायला जाताना सकाळचा डोस घ्यायचा नाही, रक्त दिल्यावर घ्यायचा. निम्मे पेशंट गोळी घेऊनच येतात आणि चढलेला आकडा बघून सगळ्यांचं धाबं दणाणतं.

चकलीची_भाजणी | ६ जून, रात्री ९:००

डायलिसिसवाल्यांच्या पथ्याचा वेगळा धागा निघायला हवा. सासूबाईंसाठी चार वर्षं भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या, ते पाणी ओतून द्यायचं आणि मग फोडणी. पोटॅशियम जातं, चवही जाते. नारळपाणी बंद. दिवसाचं पाणी मापाच्या बाटलीत. उन्हाळ्यात त्या बर्फाचा एक खडा तोंडात धरून अर्धा तास काढायच्या.

मँचेस्टरची_माई | ७ जून, पहाटे २:४०

इकडचं थोडं सांगते. माझ्या मुलाचं किडनी-स्वादुपिंड मँचेस्टर रॉयल इन्फर्मरीत झालं, चौदा महिने लिस्टवर होता. इथे स्वादुपिंडाचं वाटप राष्ट्रीय पातळीवर होतं, त्यामुळे अवयव देशात कुठूनही येतो. इंग्लंडमध्ये २० मे २०२० पासून गृहीत संमतीचा कायदा आहे. जिवंतपणी नाही म्हटलं नसेल तर होकार धरतात. पण घरच्यांना विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत, आणि आपली दक्षिण आशियाई कुटुंबं तिथे बरेचदा नाही म्हणतात. लिस्टवर मात्र आपली माणसं भरपूर. मंडळाच्या गणपतीत मी अवयवदानाचं टेबल लावते. लोक मोदक घेतात आणि टेबलाला वळसा घालून जातात.

मुलाला डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "तुला शुगरचा जास्त त्रास आहे की डायलिसिसचा?" त्याला शुगर उतरल्याचं कळायचंच नाही. घाम नाही, थरथर नाही, एकदम बेशुद्ध. त्यामुळे आमचा निर्णय सोपा होता. तुमच्या बहिणीला शुगर उतरलेली कळते का?

पंचगंगाकाठ | ७ जून, सकाळी ८:१५

माई, गेल्या वर्षी वर्गात खडू हातात धरून खाली बसली होती. मुलांना वाटलं बाई गंमत करतायत.

कलम_अठरा | ७ जून, सकाळी ११:३०

कायद्याचं सांगते. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा, मोठी दुरुस्ती २०११ ची, नियम २०१४ चे. आई-वडील, मुलं, भावंडं, नवरा-बायको हे जवळचे नातेवाईक. दुरुस्तीत आजी-आजोबा आणि नातवंडंही आली. यांच्याबाबत नात्याचे पुरावे आणि मुलाखत झाली की मार्ग सरळ असतो. मावशी, मेव्हणा, मित्र यांचं प्रकरण प्राधिकार समितीपुढे जातं, पैशाचा व्यवहार नाही हे पटवावं लागतं. रेशन कार्ड, जुने फोटो, जन्मदाखले आत्ताच गोळा करा. ऐनवेळी आईच्या नावाचं स्पेलिंग दोन कागदांवर दोन निघतं.

रक्तगट न जुळणाऱ्या दोन जोड्यांनी आपसात अदलाबदल करायलाही कायद्यात जागा आहे. दाता शेवटच्या क्षणापर्यंत नाही म्हणू शकतो, कारण सांगायची गरज नाही.

मेंदूमृत घोषित करायला चार डॉक्टरांचं पथक लागतं, तपासण्या दोनदा, मध्ये किमान सहा तास. अवयव वाटपासाठी कोल्हापूर पुण्याच्या विभागीय समितीखाली येतं. बाकी तीन समित्या मुंबई, नागपूर आणि संभाजीनगरला. नाव एकाच हॉस्पिटलमार्फत नोंदवायचं. पैशाचा प्रश्न असेल तर महात्मा फुले योजनेत किडनी प्रत्यारोपण बसतं. २०२३ मध्ये त्याची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख केली. स्वादुपिंडाचं मात्र हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन विचारा, आणि त्यांच्याकडून लेखी घ्या.

कडू_कारलं | ७ जून, दुपारी १:०५

धागा दोनदा वाचला. आईचं वय आहे, आईचा रक्तगट आहे, आईची तयारी आहे. धागाकर्त्याचा रक्तगट कुठे आहे?

सदाशिवपेठी | ७ जून, दुपारी १:२०

अनोळखी माणसाला चारचौघांत किडनी मागायची पद्धत इथे कधीपासून सुरू झाली?

कडू_कारलं | ७ जून, दुपारी १:३१

मागितली नाही, रक्तगट विचारला. पोह्यात बटाटा विचारतात तसा.

मोगरा_अबोली | ७ जून, दुपारी २:१५

भांडू नका. पण कारल्याचं अगदीच चुकलेलं नाही. माझ्या तपासण्या चालू होत्या तेव्हा ओपीडीच्या बाकावर आम्ही अकरा जण देणारे होतो. त्यात बाप्ये दोन. एक बाप मुलाला देत होता. दुसरा बायकोला देणार होता, त्याला बघायला त्याच्या आईने अख्खी भावकी आणली होती समजूत घालायला. आम्हा नऊ जणींची समजूत घालायला कोणी आलं नव्हतं.

फुकटसल्ला | ७ जून, दुपारी २:४०

पुरुष कमावता असतो, त्याला काही झालं तर

चकलीची_भाजणी | ७ जून, दुपारी २:४४

हाही अर्धाच राहू द्या.

गडी_एकटा | ७ जून, दुपारी ३:१०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

ॲडमिन | ७ जून, दुपारी ४:००

वैयक्तिक शेरे असलेले सहा प्रतिसाद उडवले आहेत. धागाकर्त्याने सल्ला मागितला आहे, खटला चालवू नये.

दुसरी_इनिंग | ८ जून, सकाळी ७:३०

पंचगंगाकाठ, उत्तर द्यायला बांधील नाही तुम्ही. माझ्याही भावाला तेव्हा सगळ्यांनी विचारलं होतं. त्याला स्वतःलाच टाइप वन निघालेला, हे कोणाला माहीत नव्हतं.

मँचेस्टरची_माई | १५ जून, रात्री १:१०

काही कळलं का? आठवडा झाला.

पंचगंगाकाठ | २१ जून, रात्री १२:०५

आहे. वाचत होतो, लिहवत नव्हतं.

आईची ग्लुकोज टेस्ट झाली. उपाशीपोटी १०४, दोन तासांनी १६८. दात्यांच्या डॉक्टरांनी नाही सांगितलं. आज डायबेटिस नाही, पण उंबरठ्यावर आहे, एका किडनीवर पुढची वीस वर्षं काढताना शुगर आली तर तिचंच अवघड होईल. मोगराताई, तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलं होतंत. आई ओपीडीच्या बाहेर बसून रडली. म्हणाली, लेकीसाठी एक पेपर होता, तेवढ्यात नापास केलं.

आता कारल्यांच्या प्रश्नाचं उत्तर. माझा ओ पॉझिटिव्ह. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की मी देऊ शकतो. धाग्यात लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत. वय ३९, पोरगा पाच वर्षांचा, गृहकर्ज चालू. ही कारणं खरी आहेत. खरं त्याहून एक म्हणजे मला सुई बघवत नाही. बहीण अठ्ठावीस... नाही, तेवीस वर्षं दिवसाला चार वेळा टोचून घेते, आणि मी दाराबाहेर जातो.

बायकोने हा धागा मला न सांगता वाचला. बाप्ये दोन, ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. मग म्हणाली, तपासणी तर कर, नापास झालास तर निदान भीती तरी जाईल.

दोन्ही चालू केलंय. बहिणीचं नाव किडनी-स्वादुपिंडाच्या लिस्टवर लावलं. माझ्या तपासण्या सोमवारपासून. टाइप वनचा सख्खा भाऊ म्हणून, मलाही तो पुढे होईल का हे कळायला, रक्तातल्या अँटिबॉडीजही बघणार आहेत. मी पास झालो आणि तोवर फोन आला नाही, तर माझी किडनी आधी, स्वादुपिंड नंतर. डॉक्टरांना तिसऱ्या रस्त्याबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, हे तुम्हाला मेमध्येच सांगितलं होतं. वही आता नेतो.

बहीण म्हणाली, "तू तपासून घे. मी अजून हो म्हटलेलं नाही."

कडू_कारलं | २१ जून, सकाळी ६:१५

मी जरा जास्त बोलले. पण विचारलं याचं वाईट वाटत नाही.

ताप_१०२ | २१ जून, सकाळी ८:००

भूल देण्यापूर्वी सुई एकच, आणि ती मी बोलता बोलता लावतो. तुमचा भूलतज्ज्ञही लावेल. कोल्हापूरचा विषय काढा, तांबडा-पांढऱ्यापर्यंत पोचाल तोवर झोप लागलेली असेल.

मोगरा_अबोली | २१ जून, सकाळी ८:४०

सोमवारी चोवीस तासांची लघवी जमवायला पाच लिटरचा कॅन देतील. सकाळची पहिली टाकून द्यायची, दुसऱ्या दिवशीची पहिली धरायची. मी उलटं केलं आणि सगळं परत करावं लागलं. कॅन शक्यतो एसटीने नेऊ नका. वळणावर माझा आडवा झाला होता आणि कंडक्टरने विचारलं, ताई, तेल सांडलं का?

सदाशिवपेठी | २१ जून, सकाळी ९:१०

हा प्रतिसाद पोह्यांच्या धाग्यापेक्षा वरचा आहे हे मान्य करतो.

पंचगंगाकाठ | २४ जून, रात्री ९:५०

कॅन घरी आला. फ्रिजमध्ये ठेवायला बायकोने नाही म्हटलं, बाथरूमच्या कोपऱ्यात बर्फाच्या बादलीत ठेवलाय. पोरगा दोनदा येऊन विचारून गेला, बाबा, हे कोणासाठी जमवताय. आत्याला सांगितलं, तर ती डायलिसिसच्या खुर्चीवर बसून इतकी हसली की मशीन वाजायला लागलं.